चौघींचा सोमवार

या, जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनी पुढे या, पुढच्यांनी कुजबुज आवरा आणि मन घटकाभर माझ्या हवाली करा. एक चोरी सांगतो. तिच्यात कुलूप फुटलं नाही, सुरी चालली नाही. चोर रोज उजेडात, भरल्या वॉर्डात, चोवीस खाटांच्या देखत हात मारत होता, आणि कुणालाही दिसत नव्हता. दिसणार कसा? बघणाऱ्यांना आम्ही आधीच वेडं ठरवलं होतं.

१

बुधवारी सकाळी मनोरुग्णालयाच्या बायकांच्या वॉर्डात भूमितीच्या बाई टेबलाशी बसल्या होत्या. हनुवटी वर, डोळे छताला, मुठीत पेन्सिल. समोरच्या कागदावर अर्धी ओळ लिहून थांबलेली.

"वर काय बघताय? उत्तर छतावर लिहिलंय का?" सिस्टर म्हणाली.

बाईंनी मान खाली आणायचा प्रयत्न केला. मान आली नाही. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली आणि डोळ्यांतून पाणी. म्हणजे आतली बाई जागी होती. बाहेरचं शरीर तेवढं लाकडाचं झालं होतं.

सतरा वर्षं या बाईंनी शाळेत भूमिती शिकवली. मग एके दिवशी फळ्याआडून कुणीतरी त्यांना शिव्या घालू लागलं, आणि ते दुसऱ्या कुणाला ऐकू येईना. इथे आणल्यावर हॅलोपेरिडॉल नावाची जुनी गोळी सुरू झाली. दोन महिन्यांत शिव्या थांबल्या. वर्षभरात बाई पुन्हा बाई झाल्या. शुक्रवारी समिती बसणार होती. समितीने मान डोलावली की लेक त्यांना घरी नेणार होती.

नऊ वाजता मोठे डॉक्टर आले. मोठे कशाने, हे विचारायचं नाही. दारावरची पाटी मोठी, आवाज मोठा आणि खुर्ची तर इतकी मोठी की माणूस आत आहे का हे वाकून पाहावं लागे. त्यांनी बाईंकडे नजर टाकली, अर्धी.

"आजार उलटला. मी म्हणतच होतो. जुनी गोळी दुप्पट करा."

"साहेब, शुक्रवार?"

"कसला शुक्रवार? समितीला मी सांगतो. मागच्या वॉर्डात हलवा."

मागच्या वॉर्डातून माणसं दोनच तऱ्हांनी बाहेर पडत. एक, चादरीखाली. दुसरी तऱ्हा अजून कुणी पाहिली नव्हती.

२

दुप्पट गोळीची चिठ्ठी तळमजल्यावर औषधांच्या खिडकीत पोचली. तिथे बसणाऱ्या फार्मासिस्ट बाईंना सगळं रुग्णालय खिडकीवाल्या मावशी म्हणे. एकोणीस वर्षं त्या गजांमागून जग पाहत होत्या, आणि पाहिलेल्या जगाबद्दल त्यांचं मत काही बरं नव्हतं. गाण्यातून सांगितलेली प्रवचनं ऐकायची तेवढी त्यांना आवड. त्यांतलं एक वाक्य त्यांनी गाठीला बांधलं होतं: देव दिसत नाही म्हणून माणसं त्याला मानतात, आणि शेजारी दिसतो म्हणून त्याच्याकडे बघत नाहीत.

चिठ्ठीपाठोपाठ भूमितीच्या बाईंची लेक आली. छापखान्यात काम करणारी, बोटांना शाई.

"मावशी, आईला काय झालं हो? रविवारी माझ्याशी तासभर बोलली. कागदाची घडी घालून मला काटकोन करून दाखवला. म्हणाली, तुझी खोली तिरकी आहे, मी येऊन बघते."

"सोमवारी कशी होती?"

"फोन केला होता सकाळी. हसत होती. आणि आज बघते तर... डॉक्टर म्हणतात आजार उलटला. मावशी, पुढच्या महिन्यात माझी दुसऱ्या गावी बदली आहे. आई या शुक्रवारी नाही सुटली, तर तिला विचारायला इथे येणार कोण?"

मावशींनी चिठ्ठी पालथी करून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर वजन ठेवलं.

मान आखडणं, चेहऱ्याचा मुखवटा होणं, डोळे वर चढणं, हा आजार नव्हता. आजार उलटला असता तर फळ्यामागचा माणूस परत आला असता. हा जुन्या गोळीचा जुनाच गुण होता. जुनी गोळी कडक सासूसारखी. घर मोडू देत नाही, पण घरातल्यांची अंगं आखडवते. म्हणून तिच्या पाठोपाठ एक बारकी पांढरी गोळी देतात, समजूतदार जावेसारखी. ती अंग सैल करते. डॉक्टरीची परीक्षा देणाऱ्या कुठल्याही पोराला हे पाठ असतं. चाळीस वर्षं खुर्ची उबवणाऱ्याला मात्र विसरता येतं.

म्हणजे दोनच गोष्टी शक्य होत्या. कुणीतरी बाईंना जुनी गोळी जास्त दिली होती, किंवा बारकी गोळी दिलीच नव्हती.

मावशींनी कपाट उघडून जुन्या गोळ्या मोजल्या. एकही कमी नव्हती. मग त्या एकोणीस वर्षांत फार तर दहा वेळा चढलेला जिना चढून वॉर्डात गेल्या, आणि दारातच थबकल्या.

लाकूड झालेल्या भूमितीच्या बाई एकट्याच नव्हत्या. चौघी होत्या.

३

वॉर्डातल्या चोवीसपैकी वीस जणींना नव्या गोळ्या होत्या. जुनी गोळी आणि तिच्यासोबतची बारकी गोळी फक्त चौघींना. त्या चौघीच आखडल्या होत्या. भूमितीच्या बाई, आणखी दोघी, आणि कोपऱ्यातल्या खाटेवरची मुकी. जबडा घट्ट मिटलेला, हात मांडीवर ठेवलेले, कुणीतरी ठेवून गेल्यासारखे.

"सिस्टर, गोळ्या जातात कशा, सांग बरं."

"जातात कशा म्हणजे? तोंडाने!" सिस्टर आधीच तापलेली होती. बोलता बोलता बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली. "तुम्ही खालून वाट्या भरून पाठवता. आया तबक वर आणते. मी नावं ताडून बघते, वाटीत दोन असतात, दोनच असतात. नऊला साहेब येतात, गोळ्या दिल्या जातात, मी जीभ वर करून बघते. गिळलेली असते. आणखी काय हवं?"

"तुझं आणि भूमितीच्या बाईंचं जमत नाही म्हणे."

"माझ्या तक्त्यातल्या बेरजा तपासतात हो त्या! रोज! वेड लागलेल्या बाईने माझी बेरीज दुरुस्त करायची?"

"बेरीज चुकलेली असते का?"

सिस्टरने तक्ता पाठीमागे घेतला. म्हणजे असायची.

बारकी गोळी विनाकारण खाल्ली तर तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, जवळचं अक्षर पुसट दिसतं. काही लोकांना तिची गुंगीही आवडते. मावशींनी सिस्टरच्या बाटलीकडे पाहिलं. तेवढ्यात काळा चष्मा घातलेली आया तबक घेऊन आत आली.

"घरात काळा चष्मा?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ताई. उजेड टोचतो."

"खिशात काय खुळखुळतंय?"

आयाचा हात पटकन खिशावर गेला. सिस्टर पुढे झाली, तिने हात ओढला, आणि कागदाची पुडी फरशीवर पडून फुटली. पांढऱ्या, बारक्या गोळ्या खाटांखाली पळाल्या.

"सापडली!" सिस्टर ओरडली. "सापडली चोरटी!"

४

मावशी गुडघ्यांवर बसल्या. एक गोळी उचलली, नखाने चाचपली, उजेडात धरली.

"उठ गं, रडू नकोस. साखरेच्या आजाराची आहे ही. आमच्या गोळीला मधोमध रेघ असते, हिला नाही. तुझीच ना?"

"माझीच, ताई. इथे कळलं तर कामावरून काढतील, म्हणून..."

"कुणी काढत नाही. आणि तू गं," मावशी सिस्टरकडे वळल्या, "चोर पकडायची एवढी घाई कशाला? आधी चोरी काय झाली ते तरी समजून घे."

सिस्टर ओशाळली. मग नरमाईने म्हणाली, "मला वाटलं, पीडा गेली. रोज बघवत नाही हो. आठवडाभर लाकूड आणि सोमवारी बऱ्या."

"काय म्हणालीस?"

"सोमवारी बऱ्या असतात. भूमितीच्या बाईंची लेक रविवारी भेटायला येते ना, तो आनंद सोमवारपर्यंत पुरतो. मंगळवारपासून पुन्हा तेच. कुणी त्यात लक्षच घातलं नाही."

"बाकीच्या तिघीपण सोमवारी बऱ्या?"

"त्या... हो. मुकी बोलत नाही, पण अंग तिचंही सैल असतं."

"मुकीला भेटायला कोण येतं?"

"तिला? तिला कोण येणार? चार वर्षांत एक माणूस नाही."

आनंद कुणाच्या येण्याचा असतो म्हणतात. इथे तर कुणी आलंच नव्हतं, तरी आनंद झाला होता. मावशींनी मुकीची फाइल मागून घेतली आणि खिडकीशी उभ्या राहून वाचायला घेतली. चार महिन्यांपूर्वीपर्यंत बाई बडबडी होती. कधीकाळी टेलिफोन खात्यात होती, इतर बायकांना अजून नंबर पाठ म्हणून दाखवायची. मग एका सोमवारी, सिस्टरच्याच अक्षरात:

'रुग्ण म्हणते, डॉक्टर माझी गोळी खातात. भ्रम. डॉक्टरांना कळवलं. गोळी वाढवली.'

पुढच्या सोमवारी: 'तोच भ्रम. गोळी वाढवली.'

त्याच्या पुढच्या सोमवारी: 'भ्रम कायम. बोलणं अस्पष्ट. गोळी वाढवली.'

आणि त्यानंतर: 'रुग्ण शांत. सुधारणा.'

मावशींनी फाइल मिटली. त्यांचा चेहरा असा झाला की सिस्टर दोन पावलं मागे सरली.

"सिस्टर, नऊ वाजता गोळ्या 'दिल्या जातात' म्हणालीस. देतं कोण?"

५

"साहेबच देतात की. या चौघींना स्वतःच्या हाताने. म्हणतात, नव्या पोरांना जुनं औषध कळत नाही, माझ्या हातची गोळीच गुण देते. वाटी तळहातावर उपडी करतात आणि एकेक करून तोंडात घालतात. पाहुणे आले की त्यांनाही दाखवतात."

"एकेक करून. दोन्ही?"

सिस्टरने कधी मोजलं नव्हतं. देव्हाऱ्यातल्या मूर्तीने नैवेद्य किती खाल्ला, हे कोण मोजतं?

"आणि रविवारी?"

"रविवारी साहेब येत नाहीत. मी देते."

तबकाला तीन हात लागत होते. आया रविवारी कामावर असते, सिस्टरही असते. यांतली कुणी चोर असती तर रविवारही कोरडा गेला असता आणि सोमवारही लाकडाचाच उगवला असता. रविवारी नसणारा हात एकच.

पण एवढ्याशा गोळीची डॉक्टरला भूक कशाला? मनात आणलं तर डबाभर मागवील. मावशी खाली आल्या आणि गेल्या वर्षभराच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडला. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना माणूस वाचायला वेगळं पुस्तक लागत नाही. वर्षापूर्वीची अक्षरं ताठ. सहा महिन्यांपूर्वीची बारीक होत गेलेली, ओळ थरथरणारी, जणू मुंगी शाईत बुडून पळाली आहे. चार महिन्यांपासून पुन्हा सुधारलेली. सोमवारच्या सकाळच्या चिठ्ठ्या तेवढ्या थरथरत्या. त्याच सोमवारी दुपारच्या, पुन्हा नीट.

कंपवात. हात कापण्याचा आजार. बारकी गोळी त्याच्यावरही चालते.

आता कळलं. स्वतःच्या नावाने औषध घेतलं असतं तर खिडकीवरच्या बाईला कळलं असतं, खिडकीवरून गावाला कळलं असतं, आणि कापणाऱ्या हाताला ती मोठी खुर्ची कुणी ठेवू दिली नसती. म्हणून या धन्वंतरीने चार असहाय बायकांच्या घासातला घास काढला. त्या आखडल्या तर त्यालाच आजार म्हटलं. एकीने सांगितलं तर सांगण्यालाच आजार म्हटलं. वाघसुद्धा शिकार खाल्ल्यावर तिच्यावर औषधोपचार करत नाही.

मावशींनी दुप्पट गोळीच्या चिठ्ठीवर लिहिलं: 'कारण लेखी द्यावे. तोवर देता येत नाही.' मग चौघींचे मूळ आदेश काढले. डॉक्टरांच्याच सहीने त्यांत स्पष्ट लिहिलं होतं की बारकी गोळी न्याहारीआधी द्यावी.

"सिस्टर, उद्यापासून बारकी गोळी सात वाजता तू द्यायचीस. तबकात जुनी एकटीच जाईल."

"साहेबांनी विचारलं तर?"

"विचारू दे की. काय विचारतील? माझी चोरायची गोळी कुठाय म्हणून?"

गुरुवारी नऊ वाजता मोठ्या डॉक्टरांनी पहिली वाटी उपडी केली. तळहातावर एकच गोळी पडली. ते तिच्याकडे बघत राहिले. दुसरी वाटी. एकच.

"हे... अर्धवट आलंय का?"

"नाही साहेब. बारकी सातलाच दिली. तुमच्याच आदेशात आहे, न्याहारीआधी."

डॉक्टरांनी वाटी तबकात परत ठेवली.

"बरं, बरं," ते म्हणाले, आणि हात खिशात घातला. दिवसभर तो खिशाबाहेर आला नाही.

६

शुक्रवारी समिती बसली. एक निवृत्त न्यायाधीश, बाहेरून आलेल्या एक डॉक्टरीणबाई आणि अध्यक्षस्थानी अर्थातच मोठे डॉक्टर. दारापाशी लेक उभी होती, आईच्या कपड्यांची पिशवी छातीशी धरून. दुप्पट गोळी का दिली नाही, याचा जाब द्यायला मावशींना बोलावलं होतं.

"ही बाई माझा आदेश धुडकावते," डॉक्टर म्हणाले. "आणि रुग्ण अजिबात बरी नाही. आखडलेली असते. नखरे, दुसरं काय! मागच्या वॉर्डात पाठवावी हे माझं मत."

"मत नोंदवहीत लिहा," न्यायाधीश म्हणाले. "नियम आहे. अध्यक्षांच्या हस्ताक्षरात."

"नंतर लिहितो."

"मी कारण लेखीच मागितलं होतं, साहेब," मावशी म्हणाल्या. "आत्ताच लिहा, माझाही जाब होऊन जाईल."

उजवा हात खिशातून बाहेर आला. पेन उचललं. पेन कागदावर टेकलं आणि नाचायला लागलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तर दोन्ही नाचायला लागले.

"चहा जास्त झाला," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "किती महिने झाले, डॉक्टर?"

मावशींनी चिठ्ठ्या तारखेवार मांडल्या, सोमवार एका बाजूला, बाकीचे वार दुसऱ्या. त्यांच्या खाली चौघींचे तक्ते ठेवले. लहान मुलालाही कळावं असं ते दिसत होतं. ज्या सकाळी चौघींचं अंग सैल, त्याच सकाळी डॉक्टरांचं अक्षर थरथरतं. एकाच गोळीची दोन तोंडं. सिस्टरला आत बोलावलं, तिने डोळे पुसत तळहाताची गोष्ट सांगितली. शेवटी मुकीची फाइल उघडून ठेवली. न्यायाधीशांनी ती तीनदा वाचली.

"चाळीस वर्षं," डॉक्टर म्हणाले, "चाळीस वर्षं मी या लोकांना..."

"साहेब," मावशी म्हणाल्या, "हात कापणं पाप नाही. देवाने दिलेलं शरीर, त्याचं त्याला ठाऊक. मला नुसतं सांगितलं असतंत तर त्या खिडकीतून शब्द बाहेर गेला नसता. तुम्ही कापलात तर तो आजार, या आखडल्या तर नखरे! आणि तुमच्या आजाराचा इलाज यांच्या वाटीतला. जुन्या गोळीला मी नाव ठेवणार नाही, तिने या बाईंना परत आणलं. पण तुमच्या हाताला काय नाव ठेवावं, हे मला अजून सुचत नाही."

मोठी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आत माणूस होता तर.

न्यायाधीशांनी भूमितीच्या बाईंना आत बोलावलं. त्या चालत आल्या. पाय थोडे जड होते, पण मान सरळ. लेकीकडे बघून हसल्या, आणि हसू चेहऱ्यावर पोचलं.

"घरी गेल्यावर काय कराल, बाई?"

"गोळ्या घेईन. दोन्ही. वाटीत दोन आहेत ना, ते आधी मोजेन. मग मुलीच्या खोलीकडे बघेन. तिची एक भिंत काटकोनात नाही."

डॉक्टरीणबाईंनी सही केली. न्यायाधीशांनी केली. तिसरी सही कुणी मागितली नाही.

मायलेकी गेल्यावर मावशी पुन्हा जिना चढल्या. कोपऱ्यातल्या खाटेपाशी स्टूल ओढून बसल्या. डॉक्टरीणबाईंनी मुकीची जुनी गोळी कमी करायला सांगितली होती. बारकी तर दोन दिवस मिळतच होती. जबडा थोडा सुटला होता. पण जीभ आपली आपणच आत वळवळत होती. वाढवत नेलेल्या जुन्या गोळीने लागलेली ती वळवळ आता कदाचित कधीच जाणार नाही, हे मावशींना माहीत होतं.

"ताई," मावशी म्हणाल्या, "चुकलं आमचं. तुम्ही खरं सांगत होतात. सिस्टरशिवाय आणखी कुणाला सांगितलं होतंत?"

मुकीने मावशींकडे पाहिलं. जीभ जागेवर आणायला तिला बराच वेळ लागला.

"सगळ्यांना."

आणि तेव्हा मावशींना आठवलं. साडेतीन महिन्यांपूर्वी त्या कपाट तपासायला वर आल्या होत्या. बहुधा सोमवारच असेल. याच बाईने त्यांची बाही धरली होती, काहीतरी सांगत होती, घाईघाईने, परत बोलता येईल न येईल अशा घाईने. आणि मावशी "हो हो, बरं बरं" म्हणत बाही सोडवून जिना उतरल्या होत्या.

बाबांनो, बायांनो, भूमितीच्या बाई घरी गेल्या, त्यांची काळजी करायला त्यांची लेक आहे. मोठ्या डॉक्टरांना विसरलात तरी चालेल, ते स्वतःला विसरू द्यायचे नाहीत. पण आज डोळे मिटण्याआधी, देवाकडे तुमचं जे काय मागणं असेल ते मागायच्या आधी, त्या टेलिफोनवाल्या बाईची एकदा आठवण काढा. तिला न्यायला अजून कुणी आलेलं नाही.